वजन ओढण्याचे व्यायाम

वजन ओढण्याचे व्यायाम म्हणजे कमरेला, खांद्यांना किंवा हातांना दोर अडकवून जमिनीवरील जड वस्तू चालत वा धावत ओढत नेण्याचे व्यायाम होत. पायांची ताकद वाढविणे, धावण्याच्या सुरुवातीचा जोर सुधारणे आणि दमसास वाढविणे हे त्यांचे मुख्य हेतू आहेत. व्यायामशाळांत यासाठी लोखंडी घसरगाडी (स्लेज) वापरतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वाहनाचा जुना टायर हे त्याचे सर्वांत परिचित साधन असून हा व्यायाम ‘टायर ओढणे’ या नावानेच ओळखला जातो. धावपटू, मल्ल, कबड्डीपटू तसेच पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारे उमेदवार तो करतात.

या व्यायामात शरीरावर पडणारा भार वस्तूच्या वजनाइतका नसतो. वस्तू आणि जमीन यांच्यातील घर्षण तो भार ठरविते. त्यामुळे तोच टायर एका मैदानावर हलका आणि दुसऱ्यावर जड ठरू शकतो.

स्वरूप

बैठका किंवा वजन उचलण्याच्या व्यायामात भार गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, कार्य करतो. ओढण्याच्या व्यायामात तो आडव्या दिशेने, मागे खेचणारा असतो. पुढे जाण्यासाठी व्यायामपटूला शरीर पुढे झुकवून पायांनी जमीन मागे रेटावी लागते. धावण्याच्या पहिल्या काही पावलांत शरीराची ठेवण जवळपास अशीच असते. म्हणून हा व्यायाम धावण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी विशेष उपयुक्त मानला जातो.

हा व्यायाम शिकण्यास सोपा आहे. वजन अंगावर कोसळण्याची भीती नसते. दमल्यावर व्यायामपटू थांबला की सपाट जमिनीवरील भारही थांबतो. याच कारणामुळे जड वजन उचलण्याचे तंत्र अवगत नसलेल्या नवशिक्यांनाही तो लवकर जमतो.

परंपरा

ओझे ओढून शरीर कमावण्याची कल्पना भारतीय मल्लविद्येला नवी नाही. आखाड्याच्या हौद्यातील माती फावड्याने उकरणे आणि नंतर ती सपाट करणे हा मल्लांच्या नित्य मेहनतीचा भाग असतो. माती सपाट करण्यासाठी जड लाकडी फळी किंवा ओंडका दोराने ओढतात. भार वाढविण्यासाठी त्यावर एखादा मल्ल बसतो अथवा उभा राहतो. जोर, बैठका आणि सपाट्या यांच्या जोडीने होणाऱ्या या मेहनतीत मांड्या, पोटऱ्या, कंबर आणि पाठ यांना एकत्रित श्रम पडतात. देशी व्यायामप्रकारांची विस्तृत नोंद दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोदे येथून संपादित केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त आढळते.

शेतीतही हेच तत्त्व दिसते. नांगरलेल्या रानातील ढेकळे फोडण्यासाठी बैलांना जड फळी जुंपतात आणि ती जमिनीवर दाबली जावी म्हणून हाकणारा फळीवर उभा राहतो. हाकणाऱ्याच्या वजनामुळे फळी व जमीन यांच्यातील दाब वाढतो, त्याबरोबर घर्षण वाढते आणि बैलांना अधिक जोर लावावा लागतो.

खानदेश, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील काही गावांच्या यात्रांत बारागाड्या ओढण्याची प्रथा आहे. एकामागे एक जोडलेल्या आणि माणसांनी भरलेल्या बैलगाड्या देवाचा भगत ओढतो, अशी त्यामागील श्रद्धा असते. भगताला आधार देणारे आणि गाड्यांना हातभार लावणारे इतर लोकही असतात. हा धार्मिक विधी असून व्यायामप्रकार नव्हे. मात्र सरकणाऱ्या आणि चाकांवर फिरणाऱ्या ओझ्यातील फरक त्यातून स्पष्ट होतो. चाकांवरील ओझे एकदा हलले की ते पुढे नेण्यास तुलनेने थोडे बल पुरते, पण ते चटकन थांबविता येत नाही. बारागाड्यांच्या चाकांखाली सापडून अपघात झाल्याच्या घटना घडल्या आहेत. टायर किंवा घसरगाडी ओढणाऱ्याने दोर सैल सोडताच घर्षणामुळे ओझे जागीच थांबते. व्यायामासाठी चाकांच्या गाडीपेक्षा सरकणारे ओझे सुरक्षित मानण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

आधुनिक क्रीडाप्रशिक्षणात वेगवान धावपटू आणि फुटबॉल, रग्बी यांसारख्या खेळांतील खेळाडू घसरगाडी ओढतात. पॉवरलिफ्टिंगच्या क्षेत्रात अमेरिकेतील प्रशिक्षक लुई सिमन्स यांनी घसरगाडी ओढण्याच्या व्यायामाचा मोठा पुरस्कार केला.

भौतिक तत्त्व

सपाट जमिनीवर ओझे स्थिर वेगाने सरकवण्यासाठी लागणारे आडवे बल घर्षणबलाइतके असते. घर्षणबल दोन गोष्टींवर अवलंबून असते: ओझे जमिनीवर किती दाबले जाते आणि त्या दोन पृष्ठभागांचा घर्षण गुणांक किती आहे. दोर आडवा असेल तर

घर्षणबल = घर्षण गुणांक × वस्तुमान × गुरुत्वत्वरण

असे सूत्र मांडता येते. उदाहरणादाखल, ४० किलो वस्तुमानाचे ओझे ०.४ घर्षण गुणांकाच्या जमिनीवर ओढण्यास ०.४ × ४० × ९.८ म्हणजे सुमारे १५७ न्यूटन बल लागेल. एवढे बल १६ किलो वजनाच्या ओढीइतके होते. घर्षण गुणांक ०.६ असेल तर त्याच ओझ्यासाठी सुमारे २३५ न्यूटन, म्हणजे २४ किलो वजनाइतकी ओढ लागेल. ओझे तेच राहूनही श्रम दीडपट होतात. मऊ मातीत हे सूत्र केवळ अंदाज देते, कारण टायरची कड मातीत रुतते, पुढे माती साचते आणि रोध आणखी वाढतो.

स्थिर वस्तू हलविण्यास लागणारे बल ती सरकत ठेवण्यास लागणाऱ्या बलापेक्षा बहुधा जास्त असते. म्हणून पहिल्या पावलाला झटका बसतो. दोर आधी ताणून घेऊन मग जोर लावल्यास हा झटका कमी होतो.

दोराच्या लांबीचाही परिणाम होतो. आखूड दोर कमरेपासून ओझ्यापर्यंत तिरपा उतरतो आणि ओढताना ओझे किंचित वर उचलतो. त्यामुळे जमिनीवरील दाब घटतो. कंबर जमिनीपासून १ मीटर आणि दोर बांधण्याची जागा २० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर २ मीटर लांबीचा दोर जमिनीशी सुमारे २४ अंशांचा कोन करतो आणि ५ मीटर लांबीचा दोर सुमारे ९ अंशांचा. घर्षण गुणांक ०.५ धरल्यास आखूड दोराने येणारा आडवा रोध लांब दोराच्या तुलनेत सुमारे एक-दशांशाने कमी भरतो. आखूड दोरामुळे टायर टाचांवर आदळण्याचीही शक्यता असते.

स्नायूंवरील परिणाम

स्नायू दोन प्रकारे काम करतो. बैठकीतून वर उठताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत बल लावतात आणि खाली बसताना तेच स्नायू लांबत जाऊन शरीराचा भार सावरतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी जाणवणारा अंगाचा ठणका प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या कामामुळे उद्भवतो. वजन ओढताना स्नायू मुख्यत्वे आखडत काम करतात. खाली येणारे ओझे सावरण्याचा भाग जवळजवळ नसतो. त्यामुळे श्रम भरपूर होऊनही ठणका तुलनेने कमी राहतो आणि पुढील सराव फारसा खोळंबत नाही.

याच गुणाची दुसरी बाजूही आहे. उडी मारून खाली येणे, धावताना एकाएकी थांबणे आणि दिशा बदलणे या हालचालींत लांबत जाणाऱ्या स्नायूंची ताकद लागते. ती केवळ ओढण्याच्या व्यायामाने पुरेशी वाढत नाही. म्हणून बैठका, पायऱ्या उतरणे आणि उड्या यांची जागा हा व्यायाम पूर्णपणे घेऊ शकत नाही.

ओढण्यात होणाऱ्या यांत्रिक कार्याचा अंदाज साध्या गणिताने येतो. १५७ न्यूटन रोधाचे ओझे ४० मीटर ओढल्यास सुमारे ६,२८० ज्यूल कार्य होते. खांद्यावर ६० किलो वजन घेऊन ६० सेंटिमीटर खोल बैठक मारल्यास वर उठताना त्या वजनावर सुमारे ३५३ ज्यूल कार्य होते. स्वतःच्या शरीराचे वजन हिशेबात न घेतल्यास ४० मीटरची एक फेरी अशा सुमारे १८ बैठकांच्या बरोबरीची ठरते. दम लवकर लागण्याचे कारण यातून स्पष्ट होते.

प्रकार

- पुढे चालत ओढणे: ओझे पाठीमागे असते. नितंब, मांडीचे मागचे स्नायू आणि पोटऱ्या यांवर अधिक भार येतो. पाऊल पूर्ण मागे रेटून गुडघा व कंबर सरळ करणे अपेक्षित असते.
- उलट चालत ओढणे: तोंड ओझ्याकडे ठेवून मागे सरकत ओढतात. गुडघा प्रत्येक पावलाला भाराविरुद्ध सरळ होत असल्याने मांडीच्या पुढच्या स्नायूंना विशेष व्यायाम मिळतो.
- आडवे चालत ओढणे: कुशीच्या बाजूने पावले टाकतात. मांडीच्या आतील व बाहेरील बाजूच्या आणि कटीच्या स्नायूंचा उपयोग होतो. कबड्डीसारख्या खेळांतील बाजूच्या हालचालींसाठी हा प्रकार पूरक आहे.
- धावत ओढणे: हलके ओझे घेऊन १० ते ३० मीटर जोराने धावतात. वेगाची सुरुवात सुधारणे हा हेतू असतो.
- हातांनी ओढणे: एका जागी पाय रोवून दोर हातांनी आपल्याकडे खेचतात. पाठ, दंड व पकड यांचा व्यायाम अधिक होतो. पायांना केवळ टेकू द्यावा लागतो.

साधने

दुचाकीचा टायर काही किलोंचा, तर ट्रकचा जुना टायर साधारण ४० ते ६० किलोंचा असतो. हलक्या टायरमध्ये वाळूची पोती ठेवून भार हवा तसा वाढविता येतो. टायर आडवा ठेवून ओढतात. त्याला भोक पाडून नटबोल्टने कडी बसविल्यास दोर सरकत नाही. तारा उघड्या पडलेला टायर वापरणे धोक्याचे असते.

दोर थेट कमरेला बांधल्यास तो कातडीला काचतो आणि पोटावर आवळला जातो. त्याऐवजी रुंद पट्टा वापरतात. वेगाने धावण्याच्या सरावासाठी पट्टा कमरेच्या हाडांवर ठेवणे सोयीचे असते, तर जड ओझे चालत ओढताना दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे भार विभागतात. दोर ४ ते ५ मीटर लांबीचा पुरेसा होतो.

वजन ठरविणे

‘शरीराच्या वजनाच्या अमुक टक्के ओझे’ असा नियम अनेकदा सांगितला जातो. जमीन बदलली की हा नियम अपुरा पडतो. त्यापेक्षा ओझ्यामुळे धावण्याचा वेग किती घटतो, हे पाहणे अधिक भरवशाचे असते. त्यासाठी घड्याळ आणि मोजलेले अंतर एवढेच साहित्य लागते. एखादा धावपटू ओझ्याविना ३० मीटर अंतर ५ सेकंदांत कापत असेल, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटर होतो. ओझे बांधल्यावर त्यालाच सुमारे ५.६ सेकंद लागले, तर वेग दहा टक्क्यांच्या आसपास घटला असे समजावे. दहा सेकंद लागल्यास वेग निम्मा झाला.

पूर्वी वेगाच्या सरावासाठी दहा टक्क्यांहून अधिक घट करणारे ओझे टाळावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जाई. जड ओझ्याने धावण्याची लकब बिघडेल, अशी शंका त्यामागे होती. २०१७ मध्ये मॅट क्रॉस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घसरगाडी ओढताना शक्तीची कमाल मर्यादा, वेग साधारण निम्म्यावर आला असता गाठली जाते असे आढळले. याचे कारण समजण्यास सोपे आहे. शक्ती म्हणजे बल आणि वेग यांचा गुणाकार. ओझे फार हलके असेल तर बल कमी लागते आणि फार जड असेल तर वेग उरत नाही. दोहोंच्या मध्ये गुणाकार सर्वाधिक होतो. म्हणून हलके ओझे वेगासाठी, मध्यम ते जड ओझे सुरुवातीच्या रेट्यासाठी आणि अतिजड ओझे केवळ चालत ओढून ताकद कमावण्यासाठी, अशी हेतुनिहाय विभागणी केली जाते.

प्रत्यक्ष ओढ मोजण्यासाठी पोती तोलण्याचा लटकता काटा उपयोगी पडतो. तो पट्टा आणि दोर यांच्यामध्ये अडकवून ओझे सावकाश, एकसारख्या चालीने ओढल्यास काट्यावर ओढीचा आकडा किलोमध्ये दिसतो. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा सोडून सरकत असतानाचा आकडा घेतात.

घोडेगाव परिसरातील परिस्थिती

घोडेगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील गाव कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर हा मोठ्या वर्दळीचा रस्ता गावातून जातो. शनिशिंगणापूर हे तीर्थक्षेत्र जवळच आहे. अशा बाजारपेठेच्या गावात जुने टायर, रिकाम्या गोण्या, दोर आणि लटकते काटे ही साधने सहज मिळण्याजोगी असतात. व्यायामासाठी योग्य जागा निवडणे मात्र तितके सोपे नसते.

तालुक्यात काळी जमीन मोठ्या प्रमाणावर असून काही भाग मुरमाड आहे. सपाट व दाबलेल्या मुरमाच्या मैदानावर टायर बराचसा एकसारखा सरकतो, त्यामुळे आजच्या आणि महिन्यानंतरच्या वेळेची तुलना करता येते. काळी माती पावसाळ्यात चिकट होते, टायरला आणि बुटांना चिकटते आणि ओढ अनियमित करते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व त्यांत पाऊल अडकून घोटा मुरगळण्याचा संभव असतो. डांबरी रस्त्यावर रबराचे घर्षण बरेच जास्त असते आणि टायर झिजतो. याहून मोठा धोका वाहनांचा असतो. पहाटेच्या अंधारात पाठीमागे चार-पाच मीटर दोर व टायर असलेली व्यक्ती चटकन बाजूला होऊ शकत नाही. दोन पायांच्या आणि टायरच्या मधला दोर वाहनचालकाला दिसतही नाही. त्यामुळे महामार्गाच्या कडेला असा सराव करणे जिवावर बेतू शकते. शाळेचे किंवा गावाचे मोकळे मैदान हीच त्यासाठी योग्य जागा होय.

पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावणे, तसेच दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. टायर ओढण्याचा लाभ यांपैकी १०० मीटरच्या सुरुवातीला आणि गोळाफेकीतील पायांच्या रेट्याला अधिक होण्याजोगा आहे. मध्यम अंतराच्या धावण्यात तो पूरक ठरतो, पण त्या अंतराच्या नियमित सरावाला पर्याय होत नाही. चाचणीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात जड ओझे ओढल्यास पाय थकलेले राहतात, म्हणून त्या काळात भार व फेऱ्या कमी करणे हितावह असते.

सरावाची आखणी

नवशिक्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवून, सराव पुरेसा मानला जातो. प्रारंभी दहा मिनिटे चालणे, सावकाश धावणे आणि सांध्यांच्या हालचाली करून अंग मोकळे करतात. त्यानंतर आरामात ओढता येईल अशा ओझ्याने २० मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या, निम्म्या पुढे व निम्म्या उलट, घेता येतात. पाठीचा कणा सरळ राहणे आणि प्रत्येक पाऊल सारखे पडणे ही ओझे योग्य असल्याची खूण होय.

ताकदीसाठी जड ओझे, थोडे अंतर आणि फेऱ्यांमध्ये दोन ते तीन मिनिटांची विश्रांती ठेवतात. दमसासासाठी मध्यम ओझे, २० ते ४० सेकंदांची फेरी आणि अल्प विश्रांती योग्य ठरते. वेगासाठी हलके ओझे घेऊन प्रत्येक फेरी पूर्ण ताजेपणाने धावतात आणि शेवटी ओझ्याविना काही फेऱ्या घेतात. प्रगती करताना आधी फेऱ्या, मग अंतर आणि शेवटी ओझे वाढविण्याचा क्रम सुरक्षित असतो. तिन्ही एकदम वाढविल्यास पोटरी, टाचेमागील शीर आणि कंबर यांना इजा होऊ शकते.

दक्षता

कंबरदुखी, अंतर्गळ, हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा व्यायाम करू नये. गुडघेदुखी असलेल्यांना हलक्या ओझ्याने उलट चालणे काही वेळा देण्यात येते, परंतु दुखण्याचे कारण न समजता ओझे वाढविणे अनिष्ट असते. जोर लावताना श्वास रोखून धरू नये. उलट चालताना मार्गावर दगड, खड्डा वा माणूस नाही याची सोबत्याने खात्री करावी.

उन्हाळ्यात या भागातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या काळात सराव सकाळी लवकर, पण उजाडल्यानंतर करणे योग्य असते. चक्कर, मळमळ, थंडी वाजणे किंवा बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून सावलीत नेणे, अंग ओले करून वारा घालणे आणि वैद्यकीय मदत मिळविणे आवश्यक असते.

लहान वयात वजनाचे व्यायाम केल्यास उंची खुंटते, असा समज प्रचलित आहे. योग्य देखरेखीखाली केलेल्या भारव्यायामाने वाढ खुंटल्याचे संशोधनात दिसून आलेले नाही. तथापि वाढत्या वयात हलके ओझे, अचूक हालचाल आणि शिक्षकांची उपस्थिती यांना प्राधान्य द्यावे. ओझ्याच्या आकड्यावरून मुलांत चढाओढ लावणे टाळावे, कारण जमिनीनुसार बदलणारा तो आकडा मुळात ताकदीचे खरे माप नसतो.

हेही पहा

- कुस्ती
- तालीम
- रस्सीखेच
- घर्षण
- बारागाड्या